लहान होडी : टोचन, नांगर आणि शीड

कोकणच्या खाड्यांवर वस्ती करून असलेल्या आमच्या समाजाचा पाण्याशी संबंध फार जुना आहे. बाणकोट, दाभोळ, जयगड, दिघी, राजपुरी, रेवदंडा या गावांतील कितीतरी घरांची चूल आजही होडीवर पेटते. जहाजावरचे आपले शब्दच पाहा. नाखवा हा शब्द फारसीतून आला, खलाशी आणि सुकाणू अरबीतून आले. राजपुरीहून जंजिऱ्याच्या दरवाजापर्यंत पर्यटकांना नेणाऱ्या शिडाच्या होड्या आजही चालतात आणि अनेकांचा चरितार्थ त्यांवर आहे.

मोठ्या यांत्रिक नौकेची काळजी सगळेच घेतात. इंजिन, डिझेल, जाळी, परवाना या प्रत्येक गोष्टीवर पैसा आणि लक्ष खर्च होते. तिच्या मागे दोराने बांधून ओढली जाणारी लहान होडी मात्र दुर्लक्षित राहते. दहा-बारा फुटांची, लाकडाची किंवा फायबरची, कधी शिडाची, कधी नुसत्या वल्ह्यांची. धक्क्यापासून नौकेपर्यंत माणसे, बर्फ, पाणी, मासळी आणि माल हीच वाहते. ती हरवली तर मोठी नौकाही निम्मी लंगडी होते, आणि ती उलटली तर माणूस जातो. म्हणून या लेखात आम्ही लहान होडी मागे बांधून ओढणे (बंदरावर याला टोचन म्हणतात), ती नांगरून ठेवणे आणि शिडावर हाकणे या तीन गोष्टींचा विचार करणार आहोत. दोर विकणारे व्यापारी, नांगर घडवणारे लोहार, होडी बांधणारे सुतार आणि होडी भाड्याने देणारे मालक या सर्वांचा यात वाटा आहे.

आधी दोर ओळखा

लहान होडीचे बहुतेक अपघात दोरापासून सुरू होतात. पूर्वी काथ्याचा दोर होता. तो पाण्यावर तरंगे आणि ताणही घेई, पण कुजे. आज बाजारात मुख्यतः नायलॉन आणि पॉलिप्रॉपिलीन असे दोन प्रकार मिळतात. दिसायला कधी कधी सारखे, पण गुण वेगळे. ते ओळखण्याची सोपी कसोटी अशी : दोराचा वीतभर तुकडा कापून बादलीभर पाण्यात टाकावा आणि दाबून त्यातील हवा काढावी. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन किंवा त्याच्या जातीचा. बुडाला तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर. दुकानात बादली ठेवून गिऱ्हाइकासमोर ही कसोटी करून दाखवणाऱ्या व्यापाऱ्यावर बंदराचा विश्वास बसतो. नायलॉनच्या भावाने दुसराच दोर विकणे ही नुसती व्यापारातील लबाडी राहत नाही, त्या दोराला माणूस बांधलेला असतो.

नायलॉनचा दोर ताणला की लांबतो, त्यामुळे लाटेचा झटका तो स्वतः पचवतो. नांगरासाठी आणि खुल्या समुद्रातील टोचनासाठी तो उत्तम. पॉलिप्रॉपिलीन तरंगत असल्यामुळे पंख्यात सापडण्याची भीती कमी, पण उन्हात तो लवकर ठिसूळ होतो आणि झटका कमी सोसतो. नव्या १२ मिलिमीटर जाडीच्या नायलॉनची तुटण्याची मर्यादा सुमारे तीन टन असते, त्याच जाडीच्या पॉलिप्रॉपिलीनची सुमारे दोन टन. हे आकडे पाहून निश्चिंत होऊ नये. दोराला गाठ मारली की त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते. ओला नायलॉन आणखी थोडा कमजोर होतो. ऊन आणि घासणे यांचा हिशोब वेगळाच. म्हणून मर्यादेच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त भार दोरावर टाकू नये.

ताणलेला नायलॉन तुटला तर चाबकासारखा उलटतो. टोचनाच्या दोराच्या रेषेत कोणालाही उभे राहू देऊ नये, आणि दोर हाताला गुंडाळून कधीही धरू नये.

टोचनाचा दोर कुठे बांधावा

होडीचे पुढचे टोक म्हणजे नाळ. टोचनाची कडी नाळेवर शक्य तितकी खाली, पाण्याच्या रेषेच्या थोडी वर असावी. कडी खाली असली की ओढ नाळेला वर उचलते. तीच वर, काठावर असली तर ओढीने नाळ खाली दबते, होडी पाण्यात डोके खुपसते आणि भरते. अनेक जण बसण्याच्या आडव्या फळीला दोर बांधतात. हे धोक्याचे आहे. फळी भार बसणाऱ्या माणसाचा सोसण्यासाठी असते, ओढीचा नव्हे.

कडी खिळ्यांनी ठोकलेली नको. नाळेच्या लाकडातून आरपार गेलेला बोल्ट, आतून रुंद पट्टी आणि नट, अशी रचना हवी. फायबरच्या होडीत आतून लाकडाचा किंवा जाड फायबरचा ठोकळा बसवून मगच बोल्ट घ्यावा, नाहीतर पातळ फायबरसकट कडी उपटून येते. हे काम करणारा सुतार किंवा कारागीर दोन तास जास्त घेत असेल तर ते त्याला द्यावेत.

ओढणाऱ्या नौकेवर दोर अशा रीतीने अडकवावा की भार असतानाही तो एका झटक्यात सोडता येईल. शेजारी धारदार कोयती टांगलेली हवी. होडी भरून बुडायला लागली तर ती ओढणाऱ्या नौकेची पिछाडी खाली खेचते. अशा वेळी गाठ सोडत बसायला सवड नसते. शक्य असेल तर दुसरा, थोडा ढिला दोर वेगळ्या कडीला बांधून ठेवावा. पहिला तुटला तर दुसरा होडी वाचवतो.

निघण्यापूर्वी होडी रिकामी करा

टोचनावर निघताना होडीतून वल्ही, शीड, सुकाणू, यंत्र असेल तर यंत्र, जाळी आणि सुटे सामान काढून मोठ्या नौकेत घ्यावे. डोलकाठी उतरवता येत असेल तर उतरवावी. उभी काठी होडीला डोलवते. तळाला खाली-वर होणारी फळी असेल तर ती वर घ्यावी, कारण खाली राहिली तर वळताना होडी तिच्यावर अडखळून कलंडते. साचलेले पाणी उपसून टाकावे. पाणी होडीत इकडून तिकडे धावते आणि होडीचा तोल तेच घालवते. बारा फुटांची होडी काठोकाठ भरली तर तिच्यात सुमारे एक टन पाणी मावते. एक टनाचे ओझे झटक्याने ओढायला गेले की कडी, दोर किंवा नाळ यांपैकी काहीतरी जाणारच.

माणूस टोचनाच्या होडीत बसवू नये. काही कारणाने बसवावाच लागला तर एकच, मागच्या बाजूला खाली बसलेला, अंगात जीवनरक्षक जाकीट घातलेला आणि हाताशी सुरी असलेला असावा. मुलांना तर कधीच नाही.

वेग आणि दोराची लांबी

टोचनात सर्वांत जास्त होड्या वेगामुळे जातात. जड बांधणीच्या साध्या होडीला पाण्यात एक स्वाभाविक वेग असतो. तो काढण्याचा हिशोब असा : होडीची पाण्यातील लांबी फुटांत घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि १.३४ ने गुणावे. उत्तर नॉटमध्ये येते. ९ फुटांच्या होडीला सुमारे ४ नॉट, १२ फुटांच्या होडीला सुमारे ४.६ नॉट, १६ फुटांच्या होडीला सुमारे ५.४ नॉट. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. म्हणजे बारा फुटांची होडी ताशी साडेआठ किलोमीटरच्या आत ओढावी, तेवढ्यात ती शांत राहते. त्यापुढे तिची पिछाडी खाली बसते, नाळ वर जाते, ती डावी-उजवीकडे झोके घेऊ लागते आणि एखाद्या झोक्यात आडवी होऊन भरते. शिवाय वेग दुप्पट झाला की ओढ निदान चौपट होते. घरी लवकर पोचण्याची घाई होडीच्या किमतीला पडते.

दोर किती सोडावा? शांत खाडीत, गर्दीच्या जागी दोर आखूड ठेवावा, म्हणजे होडी ताब्यात राहते. खुल्या समुद्रात तो लांब सोडावा आणि लाटा पाहून जुळवावा. मोठी नौका लाटेवर चढत असेल तेव्हा होडीही तिच्या मागच्या लाटेवर चढत असली पाहिजे, आणि दोघी एकाच वेळी उतरल्या पाहिजेत. नौका उतरताना होडी चढत असेल तर दोर एकदा ढिला पडतो आणि एकदा झटक्याने ताणतो. हेच झटके दोर तोडतात. दहा-पंधरा फूट दोर कमी-जास्त केला की फरक लगेच दिसतो.

लाटा मागून येत असतील तर होडी लाटेवरून घसरत येऊन नौकेच्या पिछाडीवर आदळते. यावर जुना उपाय म्हणजे होडीच्या मागच्या कडीला जाड दोराचा लांब वेढा किंवा भोक पाडलेली बादली बांधून पाण्यात सोडणे. ती होडीला मागून धरून ठेवते.

वळायचे असेल तर रुंद वळावे. थांबायचे असेल तर वेग हळूहळू कमी करावा आणि एकाने दोर ओढून जवळ घेत राहावे. मागे जाण्यासाठी यंत्र उलटे फिरवण्यापूर्वी दोर पूर्ण वर घेतला आहे हे डोळ्यांनी पाहावे. नायलॉन बुडतो, ढिला पडला की सरळ पंख्यात जातो.

बंदरात शिरताना मागे ओढण्यापेक्षा होडी बाजूला बांधून नेणे चांगले. मध्ये जुने टायर टाकावेत. एक दोर पुढून, एक मागून, आणि दोन तिरपे असे चार दोर घट्ट बांधावेत. नौकेची पिछाडी होडीच्या पिछाडीच्या मागे राहील असे पाहावे, म्हणजे सुकाणू नीट काम देते.

नांगर वजनाने नव्हे, ओढीने धरतो

नांगर जितका जड तितका पक्का, असा समज बंदरावर आहे. तो अर्धाच खरा आहे. नांगर जमिनीत रुततो तो ओढ आडवी असल्यामुळे. दोर उभा वर खेचला गेला की चांगला नांगरही उपटून येतो.

दगड किंवा काँक्रीटचा ठोकळा नांगर म्हणून वापरणाऱ्यांनी एक हिशोब लक्षात घ्यावा. पाण्यात प्रत्येक वस्तूचे वजन कमी होते. १०० किलोचा काँक्रीटचा ठोकळा समुद्राच्या पाण्यात सुमारे ५७ किलोच भरतो. काळा दगड सुमारे ६५ किलो, आणि लोखंड सुमारे ८७ किलो. ठोकळा चिखलात रुतून वर्षानुवर्षे पडून असेल तर तो धरतो. रोज उचलून टाकायचा असेल तर लोखंडी नांगरच हवा.

वाळू आणि चिखल असलेल्या जागी रुंद पात्यांचा नांगर, खडपाच्या जागी चार आकड्यांचा नांगर. खडपात आकडा अडकून बसण्याची भीती असते. म्हणून नांगराच्या खालच्या टोकाला वेगळी बारीक दोरी बांधून तिला वर रिकामा डबा तरंगत ठेवावा. नांगर अडकला तर त्या दोरीने उलटा खेचला की सुटतो.

नांगर आणि दोर यांच्यामध्ये दोन ते तीन मीटर लोखंडी साखळी असलीच पाहिजे. ती आपल्या वजनाने ओढ आडवी ठेवते, आणि कालवे चिकटलेल्या दगडांवर दोर घासून कापला जाण्यापासून वाचवते. कालव्याचे कवच नायलॉनला करवतीसारखे कापते. साखळी जोडणाऱ्या कडीची पिन बारीक तारेने बांधून टाकावी, नाहीतर हेलकाव्यांनी ती फिरत फिरत गळून पडते. दोराचे दुसरे टोक होडीला बांधलेले आहे का, हेही नांगर सोडण्यापूर्वी पाहावे. हे सांगावे लागते, कारण दोरासकट नांगर पाण्यात गेल्याचे प्रकार प्रत्येक बंदरावर ऐकू येतात.

दोर किती सोडावा? एक हिशोब

ओहोटीचे पाणी मोजून दोर सोडणे ही नेहमीची चूक आहे. हिशोब भरतीच्या सर्वांत जास्त पाण्याचा करावा, आणि त्यात पाण्यापासून नाळेची उंची मिळवावी. समजा, ओहोटीला २ मीटर पाणी आहे. भरतीला साडेतीन मीटर चढणार. नाळ पाण्यापासून अर्धा मीटर उंच. बेरीज झाली ६ मीटर. साध्या हवेत याच्या पाचपट म्हणजे ३० मीटर दोर सोडावा. वारा असेल किंवा होडी रात्रभर सोडून जायची असेल तर सातपट, म्हणजे ४२ मीटर. जे ओहोटीच्या दोन मीटरवर दहा मीटर दोर सोडून घरी जातात, त्यांच्या दोराची ओढ भरतीला आडवी राहत नाही, वरच्या दिशेला जाते. सकाळी होडी खडपावर सापडते.

जास्त दोर सोडला की होडी मोठ्या वर्तुळात फिरते. ओहोटी लागली की सर्व होड्या तोंड फिरवतात. शेजारच्या होडीने किती दोर सोडला आहे ते पाहूनच जागा निवडावी.

नांगर सोडताना वाऱ्याकडे किंवा प्रवाहाकडे तोंड करून थांबावे, होडी मागे सरकू लागली की नांगर हाताने खाली सोडावा. भिरकावू नये, भिरकावलेल्या नांगरात साखळी गुंतते. तळाला लागल्यावर दोर हळूहळू सोडत जावा आणि शेवटी एक घट्ट ओढ देऊन नांगर रुतवावा. मग किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धराव्यात, जसे मशिदीचा मिनार आणि त्यामागचा माड. काही वेळाने रेष मोडून एकाच बाजूला सरकत चालली असेल तर नांगर घसरतो आहे असे समजावे.

नांगराचा दोर नेहमी नाळेलाच बांधावा, पिछाडीला कधीही नाही. होडीची पिछाडी सपाट आणि बुटकी असते. प्रवाहात पिछाडीला दोर बांधला की ओढीने ती खाली दबते आणि एकेक लाट सरळ आत येते. होडी भरायला मिनिटेसुद्धा लागत नाहीत. धक्क्याला आखूड दोराने होडी बांधणेही तसेच. भरतीत बांधलेली होडी ओहोटीला टांगली जाते, ओहोटीत बांधलेली भरतीला पाण्याखाली ओढली जाते.

भरती-ओहोटी चांदावरून

मुंबई आणि रायगडच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत पाणी साडेतीन-चार मीटर आणि कधी त्याहून जास्त चढते-उतरते. दक्षिणेकडे रत्नागिरी, मालवणला हा फरक कमी होत जातो. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात, म्हणून भरती दररोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते.

आमच्या वाचकांच्या घरात हिजरी कॅलेंडर असतेच. ते चंद्राचे असल्यामुळे भरतीचेही कॅलेंडर आहे. चांदाच्या पहिल्या दोन-तीन तारखा आणि १४ ते १७ या तारखांच्या सुमारास उधाण असते, ८-९ आणि २२-२४ च्या सुमारास भांग, म्हणजे पाणी कमी चढते-उतरते. रायगडच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती साधारण दुपारी बाराच्या आणि मध्यरात्रीच्या सुमारास पूर्ण होते. नेमकी वेळ भरतीच्या छापील कोष्टकातून किंवा मोबाइलवरून पाहून घ्यावी.

पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. चढ ३.६ मीटर असेल तर पहिल्या तासात सुमारे ०.३ मीटर, दुसऱ्यात ०.६, तिसऱ्या आणि चौथ्या तासात ०.९-०.९, मग ०.६ आणि शेवटी ०.३. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मे पाणी चढते किंवा उतरते. त्या वेळी खाडीच्या तोंडाशी प्रवाह सर्वांत जोरात असतो. वल्ह्यांच्या होडीने तेव्हा प्रवाहाशी झगडू नये. ओहोटीचे पाणी बाहेर पडत असताना समोरून समुद्राचा वारा असेल तर खाडीच्या तोंडावर उभ्या, फुटणाऱ्या लाटा तयार होतात. लहान होडीने ती वेळ टाळावी आणि पाणी स्थिर होण्याची वाट पाहावी.

शीड आणि वारा

पावसाळा सोडला तर कोकणात वाऱ्याचा रोजचा क्रम ठरलेला असतो. रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा, दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा. पहाटेच्या मतलईवर शीड सोडून बाहेर जाणे सोपे, पण तोच वारा वाढला तर परत येणे अवघड, हे ध्यानात ठेवावे. जमिनीच्या आडोशाला पाणी सपाट दिसते म्हणून फसू नये. बाहेर गेल्यावर वाऱ्याची खरी ताकद कळते.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा दाब चौपट होतो. म्हणून शीड कमी करायचे ते आधीच, जोर आल्यावर नव्हे. शीड कमी करावे का, असा प्रश्न मनात आला की ते कमी करण्याची वेळ झाली आहे असे समजावे. शिडाचा दोर खुंटीला कायमचा बांधून टाकू नये, हातात धरावा किंवा एका झटक्यात सुटेल असा अडकवावा. झोत आला की दोर सोडायचा आणि होडीचे तोंड वाऱ्याकडे वळवायचे. शीड फडफडले की त्यातील जोर जातो. वारा पाठीमागून असताना शीड एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला झटक्याने फिरू शकते. त्या काठीच्या रेषेत डोके ठेवू नये.

होडीत चढताना काठावर पाय देऊ नये. मधोमध पाय ठेवून लगेच खाली बसावे. माल आधी तळाशी, मध्यभागी. गोण्या हलणार नाहीत अशा बांधाव्यात. "आणखी एक माणूस मावेल" हे वाक्य मालकाने उच्चारू नये आणि नोकरालाही उच्चारू देऊ नये.

होडी उलटली तर

पहिला नियम : होडी सोडू नये. किनारा दिसतो त्यापेक्षा दूर असतो, आणि प्रवाहात चांगले पोहणारेही थकतात. उलटलेली होडी तरंगते आणि शोधणाऱ्याला दुरून दिसते. माणसाचे डोके दिसत नाही.

मात्र होडी तरंगावी यासाठी आधी सोय हवी. झाकण घट्ट बसणारे २० लिटरचे रिकामे प्लास्टिक डबे होडीच्या दोन्ही टोकांना आणि बाजूंना, फळ्यांखाली पक्के बांधावेत. असा एक डबा पाण्यात सुमारे २० किलोचा आधार देतो. चार डबे म्हणजे सुमारे ८० किलो. पाण्यातल्या माणसाला तरंगायला थोडाच आधार पुरतो, त्यामुळे लाकडी होडीला एवढे डबे लागले तर चार-पाच माणसे तिला धरून राहू शकतात. फायबरची होडी स्वतः बुडते, म्हणून तिला ही सोय अधिक हवी. याला फारसा खर्च येत नाही.

जीवनरक्षक जाकीट फळीखाली कोंबून ठेवण्याची वस्तू नाही. अंगात घातले तरच ते जाकीट. मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत गळ्यात असावा. तटरक्षक दलाचा समुद्रावरील मदतीचा क्रमांक १५५४ आहे. तो प्रत्येक होडीच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवावा.

हवामानाचा इशारा हलका मानू नये. नोव्हेंबर २००९ मधील फयान, ३ जून २०२० चे निसर्ग आणि मे २०२१ चे तौक्ते ही तीन वादळे कोकणाने पाहिली. यांपैकी एकही ऐन पावसाळ्यात आले नाही. फयान तर पावसाळा संपून मासेमारी भरात असताना आले. इशारा मिळाला की लहान होडी नांगरावर ठेवू नये. ती ओढून किनाऱ्यावर, भरतीच्या रेषेच्या वर न्यावी, पालथी घालावी आणि बांधावी.

कारागीर आणि मालकांसाठी

लोहार बांधवांनी नांगर घडवताना जोडाचे काम आतपर्यंत करावे. वरून लावलेला जोड रंगाखाली चांगला दिसतो, पण पहिल्या खडपात उघडा पडतो. जस्ताचा मुलामा दिलेली साखळी महाग वाटली तरी खाऱ्या पाण्यात ती साध्या लोखंडाच्या कितीतरी पट टिकते. तांबे आणि लोखंड शेजारी शेजारी लावू नये. खाऱ्या पाण्यात लोखंड लवकर खाल्ले जाते. शीड शिवणाऱ्यांनी कोपऱ्यांना दुहेरी-तिहेरी कापड द्यावे, कारण सगळी ओढ तेथेच येते.

होडी भाड्याने देणाऱ्या मालकाने दोन पानांचा साधा करार करावा. होडीत किती माणसे, किती माल, कोणत्या हवामानात जायचे नाही, दोर-नांगर-जाकिटे किती दिली, हे लिहून दोघांनी सह्या कराव्यात. ओळखीचा माणूस आहे म्हणून लिहिले नाही, आणि पुढे नुकसान झाल्यावर ओळखही गेली आणि पैसाही, असे घडू नये. प्रवासी नेणार असाल तर महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना आणि ठरवून दिलेली प्रवासीसंख्या पाळावी. विमा असेल तर त्याच्या अटींत टोचनावर असताना झालेले नुकसान धरले आहे का, हे विचारून घ्यावे.

आता खर्चाचा विचार करू. चाळीस-पन्नास मीटर चांगला दोर, तीन मीटर साखळी, आरपार बोल्टची एक कडी, चार रिकामे डबे आणि माणशी एक जाकीट. एवढ्याची बेरीज करून ती नव्या होडीच्या किमतीशेजारी लिहून पाहावी. फरक स्वतःच दिसेल. माणसाची किंमत तर कोणत्याच हिशोबवहीत लिहिता येत नाही. आपल्या वडीलधाऱ्यांकडे इंजिन नव्हते, मोबाइल नव्हता, पण पाण्याचा आदर होता आणि घाई नव्हती. येत्या मोसमात होडी पाण्यात उतरवण्यापूर्वी प्रत्येक मालकाने एक दिवस काढावा, दोर हातातून फिरवून पाहावा, कडी हलवून पाहावी, नांगराचा हिशोब आपल्या जागेसाठी नव्याने करावा आणि तो होडी चालवणाऱ्या मुलालाही शिकवावा, एवढेच आमचे सांगणे आहे.